लिव्हरच्या केमोसाठी मांडीत बसवलेला धमनीतला पोर्ट काढायचाय, इथेच काढावा की भारतात येऊन?

वैशाली_निशिकासाई

नमस्कार सगळ्यांना, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय आणि जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

आम्ही तोक्योत निशिकासाईला राहतो, बारा वर्षं झाली. ह्यांना हेपटायटिस बी आधीपासून होता, आम्हाला पत्ताच नव्हता. कंपनीच्या वार्षिक केन्को शिन्दानमध्ये (आरोग्य तपासणीत) सोनोग्राफीत लिव्हरवर गाठ दिसली आणि पुढच्या तपासण्यांत कळलं की गाठ पोर्टल व्हेनमध्येही (लिव्हरकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेतही) शिरलीय. त्यामुळे ऑपरेशन नाही म्हणाले आणि थेट लिव्हरच्या धमनीत केमो द्यायचं ठरलं. उजव्या जांघेतून एक बारीक नळी आत घातली, ती पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीतून वर लिव्हरच्या धमनीपर्यंत, आणि खालचं टोक मांडीच्या कातडीखाली एका बटणासारख्या डबीला जोडलंय. इथे सगळे त्याला रिझर्वर म्हणतात. सात महिने त्यातून सिस्प्लॅटिन आणि फाइव्ह-एफयू दिलं, फुग्याचा पंप कमरेला लावून पाच पाच दिवस. देवाच्या कृपेने गाठ बरीच आटली, पिव्का आणि एएफपी हे रक्तातले कॅन्सरचे मार्कर दोन्ही खाली आले. मग अटेझोलिझुमॅब-बेव्हासिझुमॅब ही कॅन्सरवरची दोन औषधं सुरू केली, तीन आठवड्यांनी एकदा सलाईन, ते अजून चालू आहे.

आता प्रश्न असा की रिझर्वर गेले पाच महिने वापरलेलाच नाही, फक्त दोन आठवड्यांनी जाऊन हेपॅरिनने (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाने) धुऊन घेतो. सेन्सेई, म्हणजे इथले डॉक्टर, म्हणतात काढून टाकूया. आणि आम्ही तीन महिन्यांत कायमचे पुण्याला परत येतोय. ह्यांचं म्हणणं, आता इथे कशाला पुन्हा कापाकापी, पुण्यात गेल्यावर एखाद्या चांगल्या सर्जनकडून काढून घेऊ, भाऊ-वहिनी आहेत मदतीला. मला मात्र धाकधूक होतेय कारण ही नळी धमनीत आहे. ओढताना रक्तस्राव झाला तर? ह्यांच्या प्लेटलेट 70 हजारांच्या आसपास असतात. आणि डबीवरची कातडी आता पातळ, चकाकल्यासारखी दिसायला लागलीय, मांडी घालून बसले की कड टोचते म्हणतात. कुणाला ह्यातला अनुभव असेल तर प्लीज सांगा. काढायचाच नाही, तसाच ठेवला तर चालतो का हेही.

सांगलीकर_७४

ताई काळजी करू नका. माझ्या आईचा केमो पोर्ट छातीवर होता, ब्रेस्टसाठी. केमो संपल्यावर इथल्याच सर्जननी लोकल भूल देऊन वीस मिनिटांत काढला, दोन टाके, दुपारी घरी येऊन आई भाकरी करत होती. पुण्यात तर कुठेही होईल, खर्चही कमी येईल. तुमचे मिस्टर म्हणतात ते बरोबर आहे, आपल्या माणसांत येऊन करा.

आयआर_डॉक्टर_मुंबई

सांगलीकर, तुमच्या आईंचं छान झालं हे वाचून बरं वाटलं, पण कृपा करून तो अनुभव इथे लावू नका, आणि वैशालीताई, तुम्हीही तो धरून निर्णय घेऊ नका. मी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी करतो (एक्सरेच्या पडद्यावर बघत रक्तवाहिन्यांतून नळीने उपचार), म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, शेवटचा शब्द तुमच्या सेन्सेईंचाच.

छातीवरचा नेहमीचा केमो पोर्ट शिरेत असतो. शिरेत दाब अगदी कमी, नळी ओढली की दोनपाच मिनिटं बोटाने दाबलं की झालं. तुमच्या मिस्टरांचा पोर्ट धमनीत आहे, म्हणजे हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा पूर्ण दाब त्या भोकावर येणार. बाहेरून दोन्ही डब्या सारख्याच दिसतात आणि खरा घोटाळा इथेच होतो. भारतात लिव्हर कॅन्सरला बहुतेक ठिकाणी टेस (धमनीतून केमो देऊन गाठीचं रक्त अडवणं) किंवा टारे (धमनीतून किरणोत्सारी कण सोडणं) करतात, प्रत्येक वेळी नवी नळी घालून काम झालं की काढून टाकतात. धमनीत महिनोन्महिने राहणारा पोर्ट ही पद्धत जपानमध्ये रुळलेली, आपल्याकडच्या अनेक चांगल्या सर्जननीसुद्धा ती प्रत्यक्ष हाताळलेली नसते. ह्यात त्यांचा दोष नाही, पण छोट्या ओटीत कुणी "पोर्टच आहे ना" म्हणून कापायला घेतला तर अडचण होऊ शकते.

आत काय आहे ते समजून घ्या. लिव्हरच्या गाठीला रक्त मुख्यतः धमनीतून मिळतं आणि निरोगी लिव्हरला जास्त करून पोर्टल शिरेतून, म्हणून धमनीतून औषध दिलं की ते गाठीवर जास्त पडतं. हे औषध जठर आणि ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याच्या सुरुवातीला) जाऊ नये म्हणून बऱ्याचदा नळीचं टोक तिकडे जाणाऱ्या गॅस्ट्रोड्युओडेनल धमनीत नेऊन भोवती कॉइल (धातूच्या तारेची बारीक वेटोळी) टाकून तिथेच पक्कं करतात आणि औषध बाहेर पडतं ते नळीच्या कडेला पाडलेल्या भोकातून, लिव्हरच्या धमनीत. म्हणजे नळी वर एका जागी कॉइलने धरलेली आणि खाली डबीला जोडलेली. काढताना ती वरच्या पकडीतून सोडवून घ्यावी लागते. ती सहसा हळूच निसटते, पण हे सगळं एक्सरेच्या चालू पडद्यावर बघत करायचं असतं, कॉइल जागची हलतेय का, नळी कुठे अडतेय का. अडली तर जोर लावायचा नाही. कॅथलॅब हवी ती ह्यासाठी.

दुसरं म्हणजे गुठळी. महिनोन्महिने रक्तात राहिलेल्या नळीवर बाहेरून गुठळीचं आवरण चढतं. नळी धमनीच्या भिंतीतल्या भोकातून बाहेर येताना ते आवरण खरवडलं जातं आणि खाली पायाकडे वाहत जाऊ शकतं. म्हणून काढण्याआधी पोर्टमधूनच डाय सोडून अँजिओ करून बघतात की गुठळी कितपत आहे आणि लिव्हरची धमनी उघडी आहे ना. हा शेवटचा मुद्दा पुढेही कामाला येतो, उद्या कधी टेस करायची वेळ आली तर ती वाट शिल्लक आहे का हे आजच कळतं. नळी निघाली की लगेच बोट ठेवत नाहीत, क्षणभर रक्त बाहेर उसळू देतात म्हणजे सुटी गुठळी असेल तर ती बाहेर पडते, मग दाबायचं. आणि दाबायचं कुठे, तर कातडीवरची जखम जिथे आहे तिथे नाही, धमनीतलं भोक त्याच्या थोडं वर असतं, तिथे. पंधरा-वीस मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही. आधी आणि नंतर पावलावरची नाडी तपासायची.

तिसरी गोष्ट, डबी सोडवताना नळी आधी चिमट्यात पकडल्याशिवाय कापायची नाही. पकड नसताना कापली आणि आत सरकली तर ती महाधमनीत तरंगणार, मग फासा टाकून ती शोधत बसावं लागतं.

तुमचा पोर्ट जांघेतून आहे हे त्यातल्या त्यात चांगलं, कारण तिथे धमनी खालच्या हाडावर दाबता येते. काहींना डाव्या खांद्याजवळच्या सबक्लेव्हियन धमनीतून घालतात, ती हसळीच्या हाडामागे लपलेली असल्याने नीट दाबताच येत नाही, आणि मेंदूकडे जाणारी व्हर्टिब्रल धमनी तिथूनच फुटते म्हणून सुटलेली गुठळी वर गेली तर पॅरालिसिसचा धोका. ज्यांचा तसा आहे त्यांनी तर नवख्या हातात अजिबात जाऊ नये.

तसाच ठेवण्याबद्दल. न वापरता ठेवला तर दर दोन आठवड्यांनी हेपॅरिनने धुणं सुटत नाही, पुण्यात ते कोण करणार हा प्रश्न आहेच. आणि कातडी पातळ, चकचकीत झालीय हे तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंत, मला मात्र तुमच्या सगळ्या पोस्टमध्ये तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. कातडी फाटून डबी उघडी पडली तर जंतुसंसर्ग नळीवाटे थेट धमनीत. ती जागा लाल, गरम, ओलसर झाली किंवा ताप आला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.

माझं मत स्पष्ट आहे. ज्यांनी घातलाय त्यांच्याकडूनच, तिथेच काढून घ्या आणि मगच विमानात बसा.

वैशाली_निशिकासाई

डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू. ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, पहिल्यांदाच गप्प बसून ऐकलं. एक विचारायचं राहिलं, बेव्हासिझुमॅब चालू असताना काढलं तर चालतं का? पुढचं सलाईन दहा दिवसांवर आहे.

आयआर_डॉक्टर_मुंबई

नाही, आणि हे विचारलंत ते फार बरं केलंत. बेव्हासिझुमॅब नव्या रक्तवाहिन्या तयार होऊ देत नाही, गाठीला उपाशी मारतं ते ह्याच मार्गाने, पण जखम भरायलाही त्याच लागतात. म्हणून ठरवून करायच्या ऑपरेशनआधी निदान 28 दिवस ते बंद ठेवतात, आणि नंतर जखम पूर्ण भरल्याशिवाय पुन्हा सुरू करत नाहीत. शरीरातून निम्मं जायलाच ह्याला सुमारे 20 दिवस लागतात, त्यामुळे "एक डोस चुकवला की झालं" इतकं सोपं नाही. तुमची तर कातडी आधीच पातळ आहे. सोबतचं अटेझोलिझुमॅब एकटं चालू ठेवायचं का, हे ऑन्कॉलॉजिस्ट ठरवतील. दहा दिवसांनी सलाईन लावून घेण्याआधी रिझर्वर काढणारे डॉक्टर आणि औषध देणारे डॉक्टर ह्यांचं एकमेकांशी बोलणं झालंय ना, एवढं स्वतः तोंडाने विचारा. दोन डिपार्टमेंट असली की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने सांगितलं असेल.

प्लेटलेट 70 हजार म्हणजे अडून बसण्यासारखं नाही, साधारण 50 हजारांच्या वर असल्या की बहुतेक जण करतात, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) बघतील. रक्त पातळ करायची दुसरी काही गोळी चालू असेल तर तीही सांगा.

जर्सीची_माधुरी

मी न्यू जर्सीत असते. आमची केस थोडी वेगळी आहे पण लिहिते, कारण इथेही कुणी ना कुणी शोधत येईल. माझ्या नवऱ्याला आतड्याचा कॅन्सर, तो लिव्हरमध्ये पसरलेला. इकडे लिव्हरच्या धमनीसाठी पोर्टऐवजी पोटाच्या कातडीखाली आख्खा पंपच बसवतात, मोठ्या अनारशाएवढा पण चांगला जाड, धातूचा. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये डॉ. नॅन्सी केमेनींनी ह्या पंपावर कित्येक वर्षं काम केलंय, 1999 मध्ये त्यांचा मोठा अभ्यास छापून आला तेव्हापासून हे जास्त लोकांना माहीत झालं. ह्या पंपाला बॅटरी नसते, आत गॅस असतो, तो अंगाच्या उष्णतेने फुगतो आणि औषध ढकलतो. त्यामुळे ताप आला किंवा उंचावर गेलं की औषध जास्त वेगाने जातं, आम्हाला डेन्व्हरला लग्नाला जायच्या आधीही नर्सला फोन करून विचारावं लागलं होतं. दोन आठवड्यांनी भरायचा, एकदा एफयूडीआर हे केमोचं औषध, एकदा हेपॅरिनचं पाणी, रिकामा ठेवायचाच नाही नाहीतर नळी गुठळीने बंद. केमो संपल्यावर ग्लिसरीन भरून ठेवलं, ते हळू जातं म्हणून खेपा कमी झाल्या. मध्येच 2018 ला हा कॉडमन कंपनीचा पंप बनवणंच बंद झालं तेव्हा सपोर्ट ग्रुपवर लोक किती घाबरले होते ते आठवतंय, नंतर इंटेरा नावाने पुन्हा यायला लागला.

आमचा काढला गेल्या वर्षी. पूर्ण भूल देऊन, ऑपरेशन थिएटरमध्ये. आमच्या सर्जननी पंप काढला आणि नळी मात्र कापून, पक्की बांधून आतच ठेवली, कारण ती पोट उघडून धमनीत बांधलेली होती, ती काढायला पुन्हा पोट उघडावं लागलं असतं. तेव्हा वैशाली, तुझी नळी पूर्ण निघणार की काही भाग आत राहणार हे नक्की विचारून घे आणि जे होईल ते कागदावर लिहून घे. आमच्याकडे हे लिहिलेलं होतं म्हणूनच पुढच्या सीटीत आत "तुटलेली नळी" दिसली तेव्हा धावपळ झाली नाही.

आणि डॉक्टर म्हणाले ना सारख्या दिसतात, ते शंभर टक्के खरं. एकदा रात्री ह्यांना ताप भरला म्हणून आम्ही घराजवळच्या इमर्जन्सीत गेलो, तिथल्या नर्सला हाताची शीर मिळेना, तिने पोट चाचपलं आणि म्हणाली अरे इथे पोर्ट आहे की, ह्यातूनच अँटिबायोटिक देते. सुई काढलेली होती हातात. मी अक्षरशः मध्ये हात घातला. ते औषध लिव्हरच्या धमनीत गेलं असतं. त्यानंतर मी ह्यांच्या पाकिटात आणि फोनच्या कव्हरमागे चिठ्ठीच ठेवली, मोठ्या अक्षरात, हे धमनीत आहे, शिरेत नाही, ह्यातून काहीही देऊ नका.

सिस्टर_शैलजा

कॅथलॅबमध्ये अठरा वर्षं झाली मला, म्हणून नंतरचं थोडं सांगते, ते कुणी सांगत नाही. धमनी दाबून झाल्यावर तो पाय सरळ ठेवून पडून राहायचं, डॉक्टर सांगतील तितके तास, गुडघा वाकवायचा नाही. पेशंट हमखास इथेच चुकतो, बेडपॅन नको म्हणून गुपचूप उठतो. ताई, ह्यांना आदल्या दिवसापासून पडल्यापडल्या लघवी करायची सवय लावा, हसू नका, खरंच उपयोग होतो. खोकला किंवा शिंक आली तर जांघेवर स्वतःचा तळहात घट्ट दाबून धरायचा. पाठीखाली ओलसर, गरम लागलं तर चादर वर करून आधी बघा, रक्त खाली उतरतं, वरून पांघरूण कोरडंच दिसतं. पाय गार पडला, पांढरा झाला, मुंग्या आल्या तर बेल दाबा, संकोच करू नका. आणि घरी आल्यावर सात-आठ दिवसांनी जांघेत सुपारीएवढी गाठ लागली आणि ती ठोक्याबरोबर उडतेय असं वाटलं तर सोनोग्राफी करून घ्या, ते साधं काळंनिळं नसतं, धमनीतून बाहेर रक्ताची पिशवी झालेली असू शकते. जिना, वजन उचलणं, उकिडवं बसणं काही दिवस बंद.

सांगलीकर_७४

डॉक्टर, माझं चुकलं. माहीत नसताना लिहिलं. ताई माफ करा, आणि डॉक्टर म्हणतात तसंच करा.

वैशाली_निशिकासाई

अहो सांगलीकर दादा, माफी कसली, तुम्ही धीर द्यायलाच लिहिलंत. आणि तुम्ही ते लिहिलं नसतं तर डॉक्टरांनी एवढं फोड करून सांगितलंही नसतं. माधुरी, चिठ्ठी आजच लिहिली, मराठी, इंग्रजी, जपानी तिन्हीत. शैलजाताई, ह्यांना वाचून दाखवलं, लाजले पण तयार झालेत.

वैशाली_निशिकासाई

सात आठवड्यांनी लिहितेय. झालं काढून, परवाच.

सेन्सेईंना बेव्हासिझुमॅबचं विचारलं तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरवर बघितलं आणि दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. रिझर्वर काढायची तारीख रेडिओलॉजीने दिलेली होती आणि सलाईनची तारीख लिव्हरच्या विभागाने, दोन्हीत फक्त नऊ दिवस. मग सलाईन थांबवलं, काढायची तारीख पुढे ढकलली, मध्ये अटेझो एकटं दिलं. सेन्सेईंनी उठून वाकून माफी मागितली, मलाच कसंतरी झालं.

काढताना मला आत सोडलं नाही पण ह्यांना फक्त लोकल भूल होती म्हणून सगळं ऐकू येत होतं, पडदाही दिसत होता. आधी पोर्टमधून डाय सोडला, धमनी उघडी आहे म्हणाले. डबी सोडवायलाच जास्त वेळ लागला, भोवती कडक पापुद्रा धरला होता. नळी ओढताना वर एका जागी अडकली, तेव्हा थांबले, आतून बारीक तार घातली, पुन्हा हळू, आणि सुटली. ह्यांना पोटात काहीच जाणवलं नाही, फक्त जांघेत गरम वाटलं. मग एका तरुण डॉक्टरने दोन्ही हातांनी दाबून धरलं, समोरच्या घड्याळात हे बघत होते, बावीस मिनिटं, त्याच्या कपाळावरचा घाम नर्सने पुसला. पावलावर आधीच पेनाने फुली मारून ठेवली होती, तिथे बोट लावून नाडी बघितली, मग वॉर्डमध्ये आणल्यावर दर थोड्या वेळाने तेच.

मला नंतर ट्रेमध्ये नळी दाखवली. शेवयीपेक्षा जरा जाड असेल, आणि टोकापासून वीतभर अंतरावर तिच्यावर काळपट लालसर साल चढलेली, चहावर साय धरते तशी. हीच पायात गेली असती तर, असं मनात आलं आणि मी खुर्चीवर बसलेच.

रात्रभर पाय सरळ. शैलजाताई, बाटलीचा सराव कामी आला. आज खाली फिरून आले, जांघेत निळं पडलंय पण गाठ नाही, कातडीचे टाके जरा जास्त दिवस ठेवणार आहेत. कॉइल आतच आहेत, नळी पूर्ण निघाली, असं शोकाइजोत (पुढच्या डॉक्टरांसाठीच्या पत्रात) लिहून दिलंय आणि अँजिओची सीडीही. मी आग्रह धरून इंग्रजीतही मागून घेतलं. खर्चाचं सांगायचं तर इथल्या विम्यात आपल्याला तीस टक्केच भरावे लागतात, आणि महिन्याची मर्यादा ओलांडली की वरचे परत मिळतात, नोकरी सोडून परत आल्यावर हे काहीच राहिलं नसतं, हा हिशेब आम्ही आधी केलाच नव्हता.

डॉक्टर, एक शेवटचं. बेव्हा पुन्हा कधी सुरू करतात? आमचं विमान 26 दिवसांनी आहे, म्हणजे पुढचं सलाईन बहुतेक पुण्यातच.

आयआर_डॉक्टर_मुंबई

फार बरं वाटलं वाचून. जखम पूर्ण कोरडी आणि भरलेली दिसली की, आणि 28 दिवसांआधी नाही. तुम्ही पुण्यात पोचल्यावर पहिल्या भेटीत ऑन्कॉलॉजिस्टना आधी मांडीची जखम उघडून दाखवा, मग शोकाइजो. विमानात दर तासाला त्यांना उठवून चार पावलं चालवा, आयलची सीट घ्या.

वैशाली_निशिकासाई

आयलची सीट आत्ताच बदलून घेतली.